रॉकेलचा हीटर: या चुका टाळा, म्हणजे मला फोन करावा लागणार नाही

डिसेंबर लागला की माझा फोन सुरू होतो. "काका, हीटर वास मारतोय." "काका, वात वर येत नाहीये." "काका, तुम्ही सांगितलं तस्संच केलं, तरी धूर येतोय." हे शेवटचं वाक्य ऐकलं की मी ओळखतो, सांगितलेल्यातलं काहीही केलेलं नाही.

माझं दुकान नाही, पाटी नाही. कारखान्यात मेंटेनन्सला आयुष्य गेलं, आता कोथरूडला घराच्या पडवीत एक बाक आहे आणि त्यावर लोक आपापली धुडं आणून ठेवतात. स्टोव्ह, पेट्रोमॅक्स आणि थंडीत वातीचे रॉकेल हीटर. कुणाचा मुलगा जपानहून परतताना घेऊन आलेला, कुणी वानवडीच्या निवृत्त फौजी शेजाऱ्याकडून घेतलेला, कुणी रविवारी जुन्या बाजारातून घासाघीस करून उचललेला. एकावर कंपनीचं नाव 'कोरोना' होतं म्हणून मालकीणबाई तो घरात घ्यायला तयार नव्हत्या. जपानमधली ती जुनी हीटरवाली कंपनी आहे, त्या नावाचा नि साथीचा काही संबंध नाही, हे त्यांना पटायला दोन चहा लागले.

पुण्यात हीटर हवाच कशाला, असं विचारणाऱ्यांनी जानेवारीत पहाटे पाचला पाषाण तलावाशी येऊन उभं राहावं. १७ जानेवारी १९३५ ला पुण्यात पारा १.७ अंशांपर्यंत उतरला होता. तेवढी थंडी आता पडत नाही, पण मुळशीकडच्या फार्महाउसवर रात्री दात वाजतात. हीटर वापरायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती घाईला आणि काटकसरीला.

काटकसरीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात वाईट चूक तिथेच होते. वात बारीक करून ठेवणं. गॅस बारीक करायची सवय असते, तेच लोक इथे करतात. रॉकेल वाचेल, रात्रभर पुरेल, मंद ऊब राहील. वातीच्या हीटरला हा हिशेब लागू नाही. त्याची चिमणी एका ठरावीक ज्योतीसाठी बनवलेली असते. वात त्याहून खाली नेली की चिमणी पुरेशी तापत नाही, रॉकेल अर्धवट जळतं, वास सुटतो, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरच्या बातम्या आपण दर हिवाळ्यात वाचतो. वायू तोच.

माझे साडू पाषाणला राहतात. फ्लॅट नवा, सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या, डास येतात म्हणून दिवेलागणीलाच घट्ट लावलेल्या. वर फटीत थंडी नको म्हणून वर्तमानपत्राच्या घड्या. हीटर रात्री दहाला लावायचा, वात बारीक करायची आणि झोपायचं. तीन-चार दिवसांनी सकाळी दोघांचं डोकं जड, मळमळ, पाय लटपटणारे. आदल्या रात्री मिसळ खाल्ली होती म्हणून खापर तिच्यावर फुटलं. अॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, ताक झालं. साडू सकाळी फिरायला गेले की तासाभरात टुणटुणीत आणि मेहुणी घरात दुपारपर्यंत डोकं धरून. त्यांना वाटलं, बीपी. ती मला फोनवर सहज म्हणाली, "दोघांनाही एकदमच कसं होतं हो?" तेव्हा मी चप्पल घातली.

खोलीत शिरल्यावर मी आधी छताकडे पाहिलं. हीटरच्या बरोबर वर पांढऱ्या डिस्टेंपरवर बशीएवढा करडा डाग. बोट फिरवलं तर बोट काळं. खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ आलेले आणि त्या वर्तमानपत्राच्या घड्या भिजून लगदा झालेल्या. साडू म्हणाले, "दव आहे." दव आतल्या बाजूला पडत नाही. एक लिटर रॉकेल जळलं की लिटरभराहून थोडं जास्तच पाणी वाफ होऊन खोलीत येतं. आणि तेवढं रॉकेल जळायला सुमारे १० घनमीटर हवा लागते. १० बाय १२ ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे जेमतेम ३४ घनमीटर. हिशेब साडूंनीच केला, ते बँकेत होते. मग गप्प बसले. दोघांना मी त्याच सकाळी डॉक्टरांकडे पाठवलं आणि हीटरबद्दल आधी सांगा, मिसळीबद्दल नको, असं बजावलं.

तेव्हा माझी पद्धत सांगतो. खिडकी दोन बोटं उघडी, शिवाय आतल्या खोलीचं दार उघडं. थंड हवा येते म्हणून कुरकुर करणाऱ्यांना मी गोधडी घ्यायला सांगतो. ज्योत कंपनीने सांगितलेल्या उंचीवर. ऊब जास्त झाली तर हीटर विझवायचा, बारीक करायचा नाही. झोपण्याआधी विझवायचा, यात 'पण' नाही. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घ्या. हजारो रुपयांचा हीटर घेणारा माणूस अलार्म महाग म्हणतो, तेव्हा मला त्याच्याशी बोलावंसंच वाटत नाही. अलार्म वाजला, किंवा घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, तर आधी सगळ्यांनी बाहेर पडा. काय बिघडलंय ते नंतर बघू.

दुसरी लाडकी चूक कॅनची.

पिरंगुटच्या पुढे एका मित्राचं शेतघर आहे. नाताळच्या सुट्टीत आम्ही सात-आठजण. त्याचा भाचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, म्हणजे त्याला सगळं येत होतं. संध्याकाळी त्याने हीटर भरला. शेडमध्ये खाद्यतेलाचे रिकामे पाच लिटरचे दोन पांढरे कॅन. एकात रॉकेल, दुसऱ्यात गवत कापायच्या मशीनचं पेट्रोल. कुठल्याच कॅनवर काही लिहिलेलं नाही. वासावरून कळलं असतं, पण साहेबांना सर्दी झालेली. टाकीत थोडं रॉकेल होतं, त्यावर अर्धा लिटर पेट्रोल पडलं.

लावल्यावर पाच मिनिटं काही नाही. मग ज्योत पिवळी झाली, जाळीच्या वर वीतभर आली. मी बटण फिरवून वात पार खाली नेली. एरवी ज्योत बसते, इथे बसेना. पेट्रोलची वाफ गार हवेतसुद्धा सुटते, टाकी तापली की ती आपोआप वर येते, तिला वातीची गरज नसते. भाचा म्हणाला, "बाहेर नेऊन ठेवतो," आणि त्याने दोन्ही हात पुढे केले. मी त्याचं मनगट असं धरलं की दुसऱ्या दिवशी वळ दिसत होते. पेटलेला हीटर उचलला की आतलं तेल हिंदकळतं, तोंडावर भडका येतो, माणूस हात सोडतो आणि मग खोलीभर आग. सगळ्यांना अंगणात काढलं. नशिबाने जनरेटरपाशी पावडरचा लाल सिलिंडर टांगलेला होता आणि तो भरलेलाही होता. दाराकडे पाठ ठेवून, म्हणजे पळायची वाट मोकळी ठेवून, आगीच्या बुडाशी दोन झोत मारले. विझला. गाद्या, उशा, टेबलावरची भजी, सगळ्यावर पिवळट भुकटी. आग पडद्याला लागली असती तर मी सिलिंडरला हातही लावला नसता, बाहेर पडून १०१ फिरवला असता. आणि पाणी अजिबात नाही. जळतं तेल पाण्यावर तरंगत पसरतं.

माझ्याकडे तेव्हापासून रॉकेलचा कॅन निळाच असतो आणि त्याच्या दांडीला सुतळीच्या तीन गाठी. अंधारात हाताला गाठ लागली नाही तर तो कॅन मी उघडत नाही. पेट्रोल त्या खोलीतच ठेवत नाही. भरण्याआधी काचेच्या बाटलीत पेलाभर रॉकेल काढून उजेडात धरतो. पाण्यासारखं नितळ हवं. पिवळसर दिसलं तर ते जुनं, उन्हात राहिलेलं, ते हीटरला नाही. तळाशी वेगळी रेघ दिसली तर पाणी आहे, कारण पाणी खाली बसतं. अशा तेलावर ज्योत तडतडते आणि लोक वातीला शिव्या देतात. रेशनचं रॉकेल निळं असतं, भेसळ पकडता यावी म्हणून त्यात रंग घातलेला. ते स्वयंपाकासाठी नि दिव्यासाठी दिलेलं आहे, आणि माझ्या अनुभवात त्यावर वात लवकर कडक होते. खुल्या बाजारातलं पांढरं घ्या. डिझेल, थिनर मिसळू नका. वास जावा म्हणून टाकीत कापूर टाकणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत. देव्हाऱ्यातल्या वस्तू देव्हाऱ्यात ठेवा.

भरायचं ते बाहेर, हीटर पूर्ण गार झाल्यावर, आणि काठोकाठ नाही. पहाटेचं गार तेल खोलीत १५ अंशांनी तापलं तर ४ लिटरच्या टाकीत कटिंग चहाएवढं फुगतं आणि ते कुठून तरी बाहेर येतं.

वातीबद्दल. इंटरनेटवर पाहून वात कात्रीने छाटणारे लोक वाढलेत. कंदिलाची सुती वात छाटतात, बरोबर. हीटरच्या बऱ्याच वातींचा वरचा भाग काचतंतूंचा असतो, तो छाटला की कड वेडीवाकडी होते आणि ज्योतीला जिभा फुटतात. तुमची कुठली ते कळत नसेल तर वरचा एक धागा उपटून काडीने जाळा. सूत जळून राख होतं, काचेचा धागा लाल होऊन तसाच राहतो किंवा त्याचा मणी होतो. काचतंतूंच्या वातीला कोरडं जाळायचं असतं. हीटर गच्चीवर किंवा अंगणात न्यायचा, टाकीतलं तेल संपेपर्यंत जळू द्यायचा, ज्योत लहान होत गेली की वात हळूहळू पूर्ण वर काढायची आणि आपणहून विझू द्यायचं. गार झाल्यावर जुन्या टूथब्रशने कड झाडायची. मी हे हंगामात तीनदा करतो. वात वर येत नाही म्हणून बटण पकडीने पिळणाऱ्यांनी आधी हे करून पाहावं. बहुतेक वेळा काजळीनेच ती अडकलेली असते.

नवी वात बसवल्यावर किमान अर्धा तास भिजू द्या असं सांगतात. मी निदान तासभर थांबतो, जमलं तर रात्रभर. पाच मिनिटांत काडी लावणाऱ्याची वात पहिल्याच दिवशी कोरडी जळून काळी होते. मग म्हणतात, माल खराब.

एकाच बाजूने धूर येत असेल तर नव्याण्णव टक्के चिमणी तिरकी बसली आहे. पेटवल्यावर तिची मूठ धरून दोनदा डावीकडे-उजवीकडे हलवायची, आपोआप खाचेत बसते. त्यानंतर पंधरा मिनिटं तिथेच बसायचं. चिमणी तापली की ज्योत वाढते आणि उंची पुन्हा जुळवावी लागते. लावून आंघोळीला गेलात तर परत येईपर्यंत छत काळं.

हीटर सतरंजीवर, गादीवर नको, सपाट फरशीवर. चारही बाजूंना तीन फूट मोकळे. वर ओले कपडे वाळत घालायचे नाहीत. जवळ डासांचा स्प्रे मारायचा नाही. फुंकर मारून विझवायचा नाही, हा काही वाढदिवसाचा केक नाही. विझवल्यावर ज्योतीची शेवटची निळी कड जाईपर्यंत समोरून हलायचं नाही.

धक्का लागला तर आपोआप विझायची सोय जपानी हीटरांना भूकंपासाठी दिलेली असते. आपल्याकडे भूकंप म्हणजे नातवंडं. हंगामाच्या सुरुवातीला, न पेटवता, वात वर करून हीटरला हाताने धक्का द्या. 'खट्' आवाज येऊन वात झटक्यात खाली गेली पाहिजे. नाही गेली तर तो हीटर पेटवायचा नाही. आवाज होतो म्हणून हा खटका तारेने बांधून टाकलेला एक हीटर माझ्याकडे आला होता. दुरुस्त करून दिला, पण बोलणी ऐकवूनच.

फेब्रुवारी संपला की टाकी रिकामी करा, तेल पुढच्या वर्षासाठी ठेवू नका, पेटवणीचे सेल काढा. पावसाळ्यात माळ्यावर पडलेल्या हीटरच्या टाकीत दमटपणाने पाणी जमतं, तळ गंजतो, सेल फुटतात. आत्ता बाकावर असाच एक आहे. सेलच्या कप्प्यात हिरवी-पांढरी बुरशी, वात दगडासारखी. मालक सकाळपासून दोनदा येऊन गेले, संध्याकाळी पाहुणे आहेत, तोवर होईल का म्हणून. कप्पा घासून होईल, वात दुपारी बसेल. पण ती आज रात्रभर भिजणार आहे, उद्या अंगणात तासभर मी स्वतः जाळून बघणार, मग न्या. पाहुण्यांना आज शाली द्या.