नाझी जर्मनीतल्या एखाद्या ज्यू माणसाचं पुढं काय झालं, ते कागदपत्रांतून कसं शोधायचं

हाताशी फक्त एक नाव असतं, आणि बहुतेक जण पहिली धाव घेतात ती आउशवित्झच्या याद्यांकडे. तिथं नाव दिसलं नाही की हात टेकतात. तिथून सुरुवात करूच नका. आउशवित्झला सुमारे 13 लाख लोक नेले, त्यातल्या जेमतेम 4 लाखांची छावणीत नोंद झाली, बाकीच्यांना गाडीतून उतरवून नंबर न देता सरळ गॅस चेंबरकडे पाठवलं, आणि जे कागद होते त्यातलेही बरेचसे छावणी चालवणाऱ्या एसएसवाल्यांनी जानेवारी 1945 मध्ये पळ काढायच्या आधी जाळून टाकले. म्हातारी माणसं, लहान मुलं, कडेवर पोर असलेल्या बायका, यांची नावं तिथं मिळायची शक्यता फार कमी. पण त्याच माणसांना घराबाहेर काढणाऱ्या ऑफिसांनी कागद व्यवस्थित फाइल करून ठेवले, टॅक्स खात्याने तर फारच. म्हणून आधी माणूस राहत कुठं होता ते बघायचं, छावणीकडे सगळ्यात शेवटी. (हे सगळं जर्मनीतल्या ज्यूंबद्दल, 1933 साली ते 5 लाखांच्या आसपास होते. पोलंड किंवा हंगेरीची कागदपत्रं वेगळी आणि तिथं शोधायची पद्धतही वेगळी.)

पहिलं काम म्हणजे जन्मतारीख मिळवणं. नुसत्या नावावर भरवसा नको, कोन, कान, कोहेन यांची स्पेलिंगं दहा प्रकारची असतात आणि एकाच शहरात एकाच नावाची पाच माणसं निघतात. जन्मतारीख असली की माणूस पक्का होतो. बायकांच्या बाबतीत माहेरचं आडनावही हवंच. जन्मगावाचं आजचं नाव वेगळं असू शकतं, ब्रेस्लाउ आता पोलंडमधलं व्रोत्सवाफ आहे, तेव्हा जुनं-नवं दोन्ही टाकून बघा. आणि अजून एक, कागदावर पुरुषाच्या नावापुढं इस्राएल किंवा बाईच्या नावापुढं सारा दिसलं तर ते आईबापांनी ठेवलेलं नाव समजू नका, ऑगस्ट 1938 च्या हुकुमाने 1 जानेवारी 1939 पासून ही नावं जवळपास सगळ्या ज्यूंना सक्तीने लावायला लावली. सर्च करताना ती काढून टाका. उलट तारीख नसलेला कागद हाती आला आणि त्यात हे नाव असलं, तर तो 1939 किंवा त्यानंतरचा एवढं तरी कळतं.

मग तीन डेटाबेस, तिन्ही फुकट, घरबसल्या बघता येतात. जर्मन राष्ट्रीय अभिलेखागाराचं स्मृतिग्रंथ, म्हणजे गेडेंकबुख, यात जर्मनीत राहणाऱ्या मारल्या गेलेल्या ज्यूंची नावं, राहण्याचं ठिकाण, कधी आणि कुठं पाठवलं ते थोडक्यात असतं. दुसरा जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारक-संस्थेचा, त्यात जवळपास 50 लाख नावं आहेत, पण त्यातले बरेच फॉर्म नातेवाइकांनी आणि ओळखीच्यांनी नंतर आठवून भरलेत, त्यामुळे वय दोन-चार वर्षं इकडंतिकडं असणं, एकाच माणसाच्या तीन नोंदी असणं हे चालायचंच. त्यात गंमत अशी की फॉर्म ज्याने भरला त्याचं नाव आणि नातं खाली लिहिलेलं असतं, आणि मेलेल्या माणसाच्या माहितीपेक्षा तीच ओळ कधीकधी जास्त कामाची ठरते, कारण कोण वाचलं आणि कुठल्या देशात गेलं ते तिथं कळतं. तिसरं आरोल्सन आर्काइव्ह्ज, जर्मनीतल्या बाड आरोल्सन गावात. युद्धानंतर हरवलेली माणसं शोधायला काढलेलं हे ऑफिस, पावणेदोन कोटी लोकांबद्दलचे कागद तिथं आहेत आणि संशोधकांना ते 2007 नंतर खुले झाले. स्कॅन ऑनलाइन दिसतात, कार्डावरच्या कुठल्या रकान्याचा अर्थ काय हे सांगणारं गाइडही साइटवर आहे, ते आधी वाचा, नाहीतर शिक्के बघत बसाल.

आता खरा माल. ऑक्टोबर 1941 पासून ज्यूंना घेऊन जर्मनीतून पूर्वेकडे नियमित गाड्या सुटायला लागल्या, आणि बर्लिनच्या गाड्यांच्या टाइप केलेल्या याद्या बऱ्याच शिल्लक आहेत. यादीत अनुक्रमांक, नाव, जन्मतारीख, जन्मगाव, धंदा, लग्न झालंय की नाही, वय, काम करायच्या लायकीचा आहे की नाही, पत्ता, ओळखपत्राचा नंबर असे रकाने असतात. आपलं नाव सापडलं म्हणून लगेच बंद करू नका, वरखालच्या ओळी वाचा, पत्ता तोच असेल तर घरचे किंवा एकाच फ्लॅटमध्ये कोंबलेले लोक सापडतात. या काळात ज्यूंना स्वतःच्या घरातून काढून ठरावीक घरांत दाटीवाटीने ठेवायचे, तेव्हा यादीतला पत्ता हे त्यांचं खरं घर असेलच असं नाही. खरं घर बघायचं तर 1939 च्या आधीची शहराची पत्त्यांची पुस्तकं उघडा, बर्लिनची ऑनलाइन आहेत, फक्त त्यात कुटुंबप्रमुखाचंच नाव असतं.

यादीच्या पाठोपाठ टॅक्स खात्याची फाइल. 25 नोव्हेंबर 1941 च्या वटहुकुमात असं होतं की जो ज्यू परदेशात राहायला जातो त्याचं नागरिकत्व जातं आणि मालमत्ता सरकारजमा होते. गाडीत सरकारनेच बसवलं आणि वर हा परदेशी गेला म्हणून घर जप्त, इतका निर्लज्ज कायदा. पण त्यामुळे झालं काय, की निघायच्या आधी प्रत्येकाकडून 16 पानी फॉर्म भरून घ्यायचे. बँकेत किती, विमा कुठला, भाडं किती इथपासून ते कपाटं किती, पडदे किती, चादरी, बनियन, मोजे किती इथपर्यंत. सही शेवटी त्याच माणसाची. अनेकांच्या बाबतीत त्यांच्या हातचा हा शेवटचा शिल्लक कागद असतो, त्यामुळे घाई करू नका, कुठली ओळ भरलीये, कुठली नुसती रेघ मारून सोडलीये ते बघा. फॉर्मच्या मागं कोर्टाच्या माणसाने सामानाची लावलेली किंमत, सामान कुणी घेतलं त्याची नोंद, आणि मग घरमालकाचं पत्र की फ्लॅट रिकामा पडला त्याचं भाडं द्या, गॅस कंपनीचं पत्र की शेवटचं बिल राहिलंय. शेजारपाजाऱ्यांना काही माहीत नव्हतं म्हणणाऱ्यांनी ही पत्रं जरूर वाचावीत. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गच्या या फाइली पोट्सडामच्या राज्य अभिलेखागारात आहेत.

कागद वाचताना भाषेला फसू नका. "स्थलांतरित", "बाहेर हलवले", "पत्ता न ठेवता गेले" असं कार्डावर असेल तर तो माणूस आपल्या मर्जीने गेला असं नसतं, बहुतेक वेळा गाडीच. म्हाताऱ्यांना तेरेझिनष्टाटच्या छावणीत (आजच्या चेक देशात) पाठवताना तर वृद्धाश्रमात जन्मभर सोय होणार म्हणून करार करून पैसे घेतले, तो करार फाइलीत दिसला तर तो वृद्धाश्रमाचा नाही. तिथं मेलेल्या अनेकांचे मृत्यूचे दाखले चेक देशातल्या एका साइटवर स्कॅन करून ठेवलेत, पण दाखल्यावरचं मृत्यूचं कारण छावणीतल्या कागदावरचं आहे हे लक्षात ठेवून वाचा, उपासमार असं कारण तिथं कोण लिहिणार.

मृत्यूच्या तारखेवर तर सगळ्यात जास्त लोक अडखळतात. 8 मे 1945 किंवा 31 डिसेंबर 1945 अशी तारीख दिसली तर त्या दिवशी काही घडलेलं नसतं, युद्धानंतर वारसांना कागद लागायचे म्हणून कोर्टाने माणूस मृत जाहीर करताना घातलेली ती तारीख आहे. खरी तारीख कधीकधी गाडीवरून काढता येते. उदाहरणार्थ 17 नोव्हेंबर 1941 ला बर्लिनहून लिथुआनियातल्या कौनासला गेलेली गाडी. त्यातल्या लोकांना, म्युनिक आणि फ्रँकफुर्टहून आलेल्या गाड्यांतल्या लोकांसोबत, 25 नोव्हेंबरला तिथल्या नवव्या किल्ल्यात गोळ्या घातल्या. मारणाऱ्या तुकडीचा प्रमुख कार्ल येगर याच्या अहवालात त्या दिवसाचा आकडा आहे, 2934, त्यात 175 मुलं. अहवालात नाव एकही नाही, नावं बर्लिनच्या यादीत आहेत, दोन्ही शेजारी ठेवली की तारीख मिळते.

कुटुंबातलं कुणी वाचलं असेल तर छळाच्या भरपाईची फाइल शोधा, माझ्या मते सगळ्यात बोलकी तीच. पश्चिम जर्मनीत 1953 ला कायदा झाला, 1956 ला सुधारला, अर्जांची शेवटची मुदत 1969 च्या अखेरीपर्यंत. कैदेच्या प्रत्येक पूर्ण महिन्याला 150 मार्क, म्हणजे दिवसाला 5. त्यासाठी अर्जदाराला महिन्यामहिन्याचा हिशोब द्यावा लागायचा, साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रं, डॉक्टरांचे रिपोर्ट, सगळं जोडायचं, त्यामुळे शाळा कुठली, दुकान कुठं, कुठल्या छावणीतून कुठल्या छावणीत, सगळं एका ठिकाणी मिळतं. पण ही माणसं आठवणी लिहीत नव्हती, कायद्यात बसेल तेवढंच वकिलाच्या सल्ल्याने लिहीत होती, म्हणून फाइलीत नाही म्हणजे घडलं नाही असा अर्थ काढू नका. आणि घर-दुकान-फर्निचर परत मागायची फाइल वेगळी असते, एकच मागवून थांबू नका. या फाइली राज्यवार विखुरल्यात, बर्लिनच्या भरपाईच्या फाइली तिथल्या भरपाई खात्याकडे, हेस राज्याच्या वीसबाडेनला. ईमेल जर्मनमध्ये लिहा, चार ओळी पुरतात, नाव, जन्मतारीख, शेवटचा पत्ता, तुमचं नातं किंवा शोधायचं कारण. जन्माचे दाखले मात्र 110 वर्षं, लग्नाचे 80 आणि मृत्यूचे 30 वर्षं झाल्यावरच सगळ्यांना खुले होतात, त्याआधी नातं सिद्ध करावं लागतं. उत्तर यायला महिने लागू शकतात, तोवर जुनं जर्मन हस्ताक्षर वाचायची सवय करून घ्या, फाइल आली की ते लागणारच.