जळगाव-धुळ्यातून फेरीबोटीच्या डिझाइनकडे

नेव्हल आर्किटेक्चर, म्हणजे जहाजांच्या डिझाइनचं इंजिनिअरिंग, घेतो म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: "आठे समुद्र कोठे शे रे भाऊ?" समुद्र नसला तरी अडत नाही. आयआयटी खरगपूर आणि मद्रासला जेईई ॲडव्हान्स्डमधून जाता येतं; कोचीचं कुसाट (तिथलं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ) आणि इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीचा विशाखापट्टणम कॅम्पस यांच्या परीक्षा वेगळ्या, फॉर्मच्या तारखाही वेगळ्या. त्या आत्ताच लिहून ठेवा.

मी रमलो ते फेरीबोटींत. बाकी जहाजं बदलत गेली, पण जुन्या फेरीबोटीचा तोंडावळा फारसा हलला नाही, आणि त्याचं कारण हौस नव्हे. हाँगकाँगची स्टार फेरी घ्या. तिचं मूळ 1888 साली दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने काढलेल्या कंपनीत आहे. हिरव्या-पांढऱ्या बोटीची दोन्ही टोकं सारखी, म्हणजे धक्क्यावर वळवायची भानगडच नाही. बाकांची पाठही पुढे-मागे ढकलता येते. परतीच्या फेरीत प्रवासी खट्‌कन पाठ पलीकडे लोटतो आणि समोर तोंड करून बसतो. मला विचाराल तर डिझाइनचा अख्खा धडा त्या बाकात आहे.

गाड्यांच्या फेरीबोटीत कळीचा प्रश्न धुराड्याचा. इंजिनाचा धूर गाड्यांच्या डेकमधूनच वर न्यावा लागतो. मार्ग मधोमध ठेवला तर गाड्यांच्या रांगा दुभंगतात. कडांना नेला तर मधली जागा मोकळी होते. काही बोटींना दोन्ही बाजूंना धुराडी दिसतात, ती म्हणूनच. लोक त्याला 'स्टाइल' म्हणतात.

पण याच मोकळ्या डेकचा धोकाही आधी समजून घ्या. पाण्याने भरलेली परात उचलून चालून बघा: जरा कललं की सगळं पाणी एकीकडे धावतं. 6 मार्च 1987 ला बेल्जियममधल्या झीब्रुग बंदराबाहेर 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' नाळेचे, म्हणजे पुढच्या टोकाचे, दरवाजे उघडे ठेवून निघाली, गाड्यांच्या डेकवर पाणी शिरलं, बोट उलटली. 193 माणसं गेली. पहिल्या वर्षी स्टॅबिलिटी, म्हणजे बोटीच्या तोलाचा विषय, कंटाळवाणी वाटते, तेव्हा हे प्रकरण वाचा.

मुंबईला गेलात तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो, म्हणजे गाड्या थेट आत चढवून नेणारी बोट, पकडा. सेल्फी नंतर. आधी गाड्या कोणत्या क्रमाने चढवतात ते पाहा, रॅम्प कुठे टेकतो ते पाहा आणि घरी येऊन आठवणीतून बोटीचा आडवा छेद काढा. चुकेल, चुकलेला कागद जपून ठेवा, पुढच्या फेरीला सोबत न्या.