म्युनिकला बिऱ्हाड हलवण्याआधी मुंबईत उरकायची कामं

म्युनिकची नोकरी पक्की झाली की घरात पहिली चर्चा बॅगांची सुरू होते. माझं ऐकाल तर बॅगा सगळ्यात शेवटी. जी कामं मुंबईत स्वतः हजर राहूनच होतात, ती आधी संपवा.

सुरुवात जन्मदाखल्यापासून. मुलाचा महापालिकेचा दाखला काढून नीट वाचा. बऱ्याच दाखल्यांवर बाळाचं नावच नसतं, कारण नोंद बारशाच्या आधीची असते. वॉर्ड ऑफिसात जाऊन ते घालून घ्या. मग आईचं नाव बघा. दाखल्यावर माहेरचं आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर व्हिसापासून पुढे प्रत्येक कचेरीत खुलासा करत बसावं लागतं. विवाह नोंदणीचा दाखला हाताशी हवाच. मधलं नाव पासपोर्टवर जसं छापलंय तसंच सगळीकडे लिहा. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो, मुदत तपासा.

लसीकरणाचं पुस्तकही याच फाइलीत. जर्मनीत मार्च 2020 पासून शाळेत किंवा पाळणाघरात प्रवेशासाठी गोवराची लस घेतल्याचा पुरावा सक्तीचा आहे. डॉक्टरांच्या अक्षरातल्या नोंदी तिथे कुणाला वाचता येणार नाहीत. दोन्ही डोसच्या तारखा लेटरहेडवर इंग्रजीत टाइप करून घ्या. सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रगतिपुस्तकं.

फ्लॅट भाड्याने देणार असाल तर लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी, सोसायटीला पत्र, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती, सगळं इथे असतानाच करा. तुम्ही अनिवासी झालात की भाडेकरूला भाड्यातून टीडीएस कापावा लागतो. करार करण्याआधीच त्याला हे सांगा. भावाच्या किंवा बहिणीच्या नावे कुलमुखत्यारपत्र दुय्यम निबंधकांकडे नोंदवा. बँकेला कळवून बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं, करून घ्या. आणि ओटीपीचा नंबर! आधार, बँक, पीएफ सगळं त्याच्यावर अडकलेलं असतं. रोमिंग निघण्याआधी चालू करून बघा, रिचार्जची तारीख दोघांनीही लिहून ठेवा.

आई-बाबा इथेच राहणार असतील तर या यादीतलं सर्वात मोठं काम तेच. तिकिटं काढण्याआधी त्यांच्यासोबत निवांत बसा. मेडिक्लेमचं कार्ड कुठे आहे, रात्री दुखलं-खुपलं तर पहिला फोन कुणाला, दवाखान्यात सोबत कोण जाईल, हे त्यांच्या तोंडून ऐका. शेजाऱ्यांना आणि जवळच्या नातेवाइकांना स्पष्ट विचारा, गृहीत धरू नका. ठरलेले नंबर मोठ्या अक्षरांत फ्रिजवर चिकटवा. बाबांना व्हिडिओ कॉल स्वतः लावता आला पाहिजे, नुसता उचलता येऊन भागत नाही. उन्हाळ्यात म्युनिक आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. रोजची वेळ आत्ताच ठरवा.

भाषेचं काम पुढे ढकलू नका. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात शक्य तितक्या लवकर नाव घाला, आणि फक्त नोकरीवाल्याने नाही. ब्लू कार्डवाल्याच्या (उच्चशिक्षितांना नोकरीसाठी मिळणारा युरोपातला परवाना) जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनची अट नाही, म्हणून अनेकजणी शिकायचं राहू देतात. पण शाळेतल्या बाई, डॉक्टर, दुकानदार यांच्याशी दिवसभर बोलायचं तिलाच असतं. माझ्या मते तिचा क्लास नवऱ्याच्या क्लासपेक्षा जास्त गरजेचा आहे.

तात्पुरतं घर बुक करताना मालकाला एकच प्रश्न नक्की विचारा: पत्त्याच्या नोंदणीसाठी लेखी पुष्टी देणार का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ही नोंदणी करायची असते आणि ती त्या कागदाशिवाय होत नाही. करक्रमांक नोंदणीनंतरच पोस्टाने येतो. पुढे कायमचं घर घेताना तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं डिपॉझिट मागू शकतात, आणि अनेक घरांत ओटा-कपाटंही नसतात. तेवढे पैसे बाजूला ठेवा.

आता बॅगा. कुकर इंडक्शनवर चालणारा स्टीलचा घ्या, जास्तीच्या गास्केट आणि शिट्ट्या टाका. मिक्सर चालतो, फक्त प्लगला अडॅप्टर हवा. तूप, पनीर, खवा युरोपात नेता येत नाही, कढीपत्त्याच्या फांद्याही नाहीत. नारळ मात्र चालतो. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी भरपूर न्या.

विमान शनिवारी रात्री उतरत असेल तर दुसऱ्या दिवसाचं खाणं सोबत ठेवा. रविवारी दुकानं बंद असतात. विमानतळावर आणि मुख्य स्टेशनात काही उघडी मिळतात, दूध-ब्रेड तिथूनच उचला.