तेहतिसाव्या वर्षी गेलिक फुटबॉल: क्लक्स्टनकडे बघत शिकताना

कोल्हापुरात वाढल्यामुळे फुटबॉल पेठेचा असतो हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीचा सामना असला की घरात दुसरा विषय नसायचा. नोकरीसाठी डब्लिनला आलो आणि गेलिक फुटबॉल, म्हणजे हात-पाय दोन्ही वापरून खेळायचा आयर्लंडचा आपला फुटबॉल, त्याच कारणाने जवळचा वाटला. इथेही माणूस आपल्या पॅरिशच्या, म्हणजे चर्चभोवतीच्या वस्तीच्या, क्लबसाठी खेळतो, आणि थेट काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या प्रदेशाच्या) संघात पोचला तरी त्याला पगार मिळत नाही. सकाळी नोकरी, संध्याकाळी सराव.

स्टीफन क्लक्स्टन हे नाव मी पहिल्यांदा क्लबच्या ड्रेसिंग रूममध्ये ऐकलं. पेशाने शिक्षक, पार्नेल्स क्लबचा खेळाडू, अनेक वर्षं डब्लिन काउंटीचा गोलकीपर राहिलेला. 2001 साली तो काउंटीकडून उतरला आणि पहिलं ऑल-आयर्लंड पदक, म्हणजे काउंटी संघांच्या देशपातळीवरच्या स्पर्धेतलं विजेतेपद, मिळालं 2011 मध्ये. मधल्या दहा वर्षांकडे नवख्यांनी जरूर बघावं. 2009 च्या उपांत्यपूर्व सामन्यात केरी काउंटीने डब्लिनला 17 गुणांनी हरवलं, 2010 च्या उपांत्य सामन्यात कॉर्कने एका गुणाने. गोलमध्ये तोच होता. मग 2011 चा अंतिम सामना, समोर पुन्हा केरी, बरोबरी, वेळ संपत आलेली. आपला गोल सोडून तो पुढे धावत आला, फ्री-किक मारली आणि डब्लिन 1-12 विरुद्ध 1-11 असं जिंकलं. (1-12 म्हणजे एक गोल आणि बारा पॉइंट. गोलचे तीन गुण, पॉइंटचा एक, म्हणून एकूण पंधरा.) पुढे कर्णधार म्हणून सात करंडक. 2020 नंतर दोन मोसम तो काउंटीकडून दिसला नाही, आणि 2023 मध्ये परत येऊन 41व्या वर्षी नववं पदक घेतलं.

त्याचं वेगळेपण किक-आउटमध्ये, म्हणजे खेळ पुन्हा सुरू करायला गोलकीपर मारतो त्या किकमध्ये. पूर्वी गोलकीपर चेंडू लांब, उंच मधल्या फळीवर टाकायचे आणि पुढचं नशिबावर सोडायचे. तो क्षणात मोकळा माणूस हेरून नेमका त्याच्या छातीवर चेंडू द्यायचा, आणि चढाई तिथूनच सुरू व्हायची. 2025 च्या नव्या नियमांत किक-आउट 40 मीटरच्या कमानीपलीकडे जायलाच हवी, त्यामुळे जवळच्या किक गेल्या. पण नजर तीच लागते.

मी तेहतिसाव्या वर्षी सुरुवात केली. पहिले तीन महिने शिट्टीच शिट्टी. चेंडू हातात घेऊन चारपेक्षा जास्त पावलं टाकता येत नाहीत. त्याआधी तो जमिनीवर टप्पा द्यायचा किंवा पायावर टाकून परत हातात घ्यायचा, हा सोलो. सलग दोन टप्पे चालत नाहीत. जमिनीवरचा चेंडू थेट हाताने उचलणंही चूक, पायाच्या टोकाने उचलून हातात घ्यावा लागतो. हे सगळं मी घरामागच्या पार्कात रोज वीस मिनिटं, आधी चालत आणि मग पळत, घोटवलं. उजव्या पायाने जमलं की डाव्यावर या. कंटाळा येईल, पण सोलो जमल्याशिवाय कुणी पास देत नाही, आणि त्यांचं बरोबरच असतं.

क्लब शोधताना मोठं नाव बघू नका, घराजवळचा बघा. हिवाळ्यात पावसात, दिव्यांखाली सराव असतो. क्लब लांब असला की जाणं सुटतं. ज्युनिअर संघात (मुलांचा नव्हे, मोठ्यांचाच पण खालच्या पातळीचा) नवख्यांना जागा मिळते. नोंदणी झाल्याशिवाय मैदानात उतरू नका. माउथगार्ड सक्तीचा आहे, तो पहिल्या दिवशीच घ्या. आणि सामना नसला तरी क्लबवर जा. खुर्च्या मांडा, मुलांच्या सरावाला मदत करा. आमच्या प्रशिक्षकांनी माझं नाव सोलोमुळे नाही, जाळ्या बांधायला लवकर यायचो म्हणून लक्षात ठेवलं.

गेल्या मोसमात नेहमीचा गोलकीपर आला नाही म्हणून मला उभं केलं. पहिल्या दोन किक-आउट प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेल्या. तिसरीच्या वेळी मी मान वर केली, डावीकडे आमचा हाफ-बॅक (बचावफळीतला खेळाडू) एकटा होता, आणि चेंडू थेट त्याच्या छातीवर गेला.