लेअर आणि इफेक्ट वापरताना या चुका टाळा

फोटोशॉपमध्ये लग्नाचे अल्बम रचण्याचे काम मी पुण्यात बरीच वर्षे करतो आहे आणि शिकायला येणाऱ्या मुलांच्या फाइल रोज उघडून पाहतो. फाइल कोणाचीही असली तरी चुका त्याच असतात, आणि त्यांतली सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे मास्क, म्हणजे फोटोचा भाग न पुसता फक्त लपवणारे आवरण, न लावता इरेझरने पार्श्वभूमी पुसून टाकणे.

काही वर्षांपूर्वी एका अल्बमच्या मुख्य पानासाठी नवरीचा फोटो कापून घ्यायचा होता. फोटो कार्यालयाच्या हिरवळीवर काढलेला होता, वाऱ्याने केसांच्या बटा उडाल्या होत्या आणि दोन्ही गालांवरून मोत्यांच्या मुंडावळ्या लोंबत होत्या. माझ्याकडच्या मुलाने मोठा, मऊ इरेझर घेऊन अर्ध्या तासात काम उरकले, सगळे लेअर, म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर, एकत्र केले आणि फाइल जतन करून बंद केली. नमुना पाहताच नवरीच्या आईने विचारले, "डावीकडची मुंडावळी गालावरच कशी संपली?" शेवटचे पाच-सहा मोती पुसले गेले होते आणि उरलेल्या केसांच्या कडेला हिरवळीचा हिरवा रंग चिकटून राहिला होता. फाइल बंद झाली की हिस्टरी, म्हणजे मागे फिरण्यासाठीची पायऱ्यांची नोंद, जाते, त्यामुळे परत फिरायला वाट नव्हती. मूळ फोटो शोधून मी रात्रभर बसून तो पुन्हा कापला.

मास्कमध्ये काळ्या ब्रशने रंगवलेला भाग लपतो, पांढऱ्याने तोच परत येतो आणि करड्याने अर्धवट दिसतो; मूळ फोटोतला एकही पिक्सेल नष्ट होत नाही. लेअर फोटोशॉपमध्ये १९९४ साली, ३.० या आवृत्तीत आले, म्हणजे ही सोय नवी नाही. मी कपड्यांच्या कडेला टणक आणि केसांना मऊ ब्रश वापरतो, 'एक्स' दाबून काळ्या-पांढऱ्याची अदलाबदल करत राहतो आणि काम संपल्यावर कापलेल्या फोटोखाली आधी भडक लाल, मग पांढरा असा सपाट रंगाचा लेअर ठेवून कडा तपासतो. राहिलेली घाण लालावर लगेच दिसते. हिरवी झाक असेल तर वर क्लिप केलेला, म्हणजे खालच्या लेअरपुरताच लागू होणारा, एक लेअर फक्त रंग बदलणाऱ्या 'कलर' मोडमध्ये घेऊन, शेजारच्या केसांचाच रंग उचलून, हलक्या ब्रशने फिरवतो. एका क्लिकवर माणूस निवडणाऱ्या सोयीला माझा विरोध नाही, परंतु मुंडावळीचा दोरा, नथीतली पोकळी आणि पदराची झालर ती हमखास चुकवते, म्हणून २०० टक्के मोठे करून पाहिल्याशिवाय मी तिच्यावर विसंबत नाही.

दुसरी चूक प्रकाशाची आहे. जोडप्याला शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर उभे करून दाखवण्याची मागणी नेहमी येते. हा दरवाजा उत्तराभिमुख आहे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, तेव्हापासून मार्चच्या मध्यापर्यंत सूर्य दिवसभर दक्षिणेकडूनच जातो, त्यामुळे दरवाजाच्या दर्शनी बाजूला थेट ऊन लागतच नाही. अशा सावलीतल्या दगडापुढे, समोरून लख्ख ऊन पडलेले जोडपे आणून ठेवले की पुणेकराला कारण सांगता आले नाही तरी काहीतरी खटकतेच. नवशिके तेव्हा वरून ग्लो आणि धुके घालतात, आणि त्याने चूक झाकली न जाता आणखी वाढते. आधी दोन्ही फोटोंत नाकाची सावली आणि कमानीची सावली कोणत्या बाजूला पडते ते पाहावे. ती जुळत नसेल तर दुसरा फोटो निवडावा. माझ्या मते यावर दुसरा इलाज नाही.

पायाखालची सावलीही ड्रॉप शॅडो या इफेक्टवर सोडू नये, कारण तो माणसाला भिंतीवर चिकटवलेल्या कागदासारखा दाखवतो. मी सावली वेगळ्या लेअरवर, खालचा रंग गडद करणाऱ्या 'मल्टिप्लाय' मोडमध्ये रंगवतो. रंग शुद्ध काळा न घेता त्याच फरशीचा गडद अंश घेतो, आणि टाचेजवळ ती घट्ट ठेवून पुढे फिकट व पसरट करत नेतो.

जेपीईजी पुन्हा पुन्हा जतन करू नये, दर वेळी तपशील घटतो. आकाशाच्या रंगछटांत पट्टे उमटत असतील तर १६ बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या जास्त छटा साठवणाऱ्या फाइलमध्ये, काम करावे. लेअरना नावे द्यावीत. 'लेअर ४७ कॉपी' उघडून पाहण्यात माझे आयुष्य जाऊ नये. १२ बाय ३६ इंचांच्या पानाला ३०० पीपीआयप्रमाणे (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० बाय १०८०० पिक्सेल लागतात, तिथे व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो ताणू नये. बाजारात मिळणारे तयार इफेक्टचे संच शिकण्याच्या पहिल्या वर्षी मी कोणालाही वापरू देत नाही.

पत्रिका ऑफसेटवर छापायची असेल तर लेअर असलेली फाइल थेट सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत, बदलू नये, कारण 'मल्टिप्लाय' आणि खालचा रंग उजळ करणारा 'स्क्रीन' या मोडचे गणित तिथे वेगळे होते आणि सावल्यांचे रंग बदलतात. मूळ फाइल आरजीबीमध्ये, म्हणजे पडद्याच्या रंगपद्धतीत, तशीच ठेवून तिची प्रत काढावी, प्रतीतले लेअर एकत्र करावेत आणि मगच, छापखान्याने दिलेल्या प्रोफाइलप्रमाणे (त्यांच्या शाई-कागदाच्या रंगांची माहिती देणारी फाइल), रंग बदलावेत. पैठणीचा गर्द जांभळा या बदलात सर्वांत आधी मळतो, म्हणून मी तेवढाच तुकडा छापून, दिवसाच्या उजेडात पडद्याशेजारी धरून पाहतो आणि मगच काम छपाईला सोडतो.