व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क लागत नाही? सेटिंग बदलण्याआधी या चुका टाळा

व्हर्च्युअल मशीनमध्ये (व्हीएम, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरनं चालवलेला दुसरा संगणक) इंटरनेट झकास चालतं, पण होस्टवरून, म्हणजे ती ज्या खऱ्या संगणकावर चालते तिथून, त्या मशीनला पिंग केलं (उत्तर येतं का पाहायला छोटं पॅकेट पाठवलं) तर काहीच उत्तर येत नाही. मग माणूस सेटिंग्जमध्ये शिरतो. नेटवर्कचे मोड बदलत नॅटचं ब्रिज करतो, ब्रिजचं होस्ट-ओन्ली करतो, मध्येच फायरवॉल बंद करून बघतो, आणि तासाभरानं आधी चालत असलेलं इंटरनेटही गेलेलं असतं. खरं तर सुरुवातीला काही बिघडलेलंच नव्हतं. नॅट मोडमध्ये आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत येता येत नाही. तो तसाच बनवलेला आहे.

घरच्या संगणकावरच्या व्हीएमच्या नेटवर्कबद्दलच्या बहुतेक तक्रारी याच जातीच्या असतात. म्हणून काहीही बदलण्याआधी एवढंच ठरवा: कोणाला कोणापर्यंत पोचायचं आहे? व्हीएमला फक्त इंटरनेट हवं आहे का? होस्टवरून व्हीएममध्ये लॉगिन करायचं आहे का? दोन व्हीएमनी एकमेकींशी बोलायचं आहे का? की घरातल्या मोबाइलवरूनही व्हीएममधली वेबसाइट उघडायला हवी? चारही प्रश्नांची उत्तरं वेगळी आहेत, आणि मोड त्या उत्तरावरून ठरतो.

नेटवर्कच्या आधीची अडचण

व्हीएम सुरूच होत नसेल, किंवा व्हर्च्युअलबॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ६४ बिटचे पर्यायच दिसत नसतील, तर बहुतेक वेळा बायॉसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशन बंद असतं. इंटेलच्या बोर्डवर व्हीटी-एक्स आणि एएमडीच्या बोर्डवर एसव्हीएम या नावानं ते सापडेल.

व्हीएम सुरू होते पण रडतखडत चालते, आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत कासवाचं चिन्ह दिसतं, असं असेल तर विंडोजनं हायपर-व्ही हे व्हीएम चालवणारं स्वतःचं साधन आधीच चालू करून ठेवलं आहे. आपण हायपर-व्हीला कधी हात लावला नाही, असं लोक शपथेवर सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात. डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) किंवा विंडोज सिक्युरिटीमधलं मेमरी इंटिग्रिटी चालू केलं की हाच थर आपोआप खाली येऊन बसतो. मेमरी इंटिग्रिटी हे सुरक्षेचं साधन आहे. निव्वळ वेगासाठी ते बंद करायचं का, हे विचार करून ठरवा. विंडोज प्रो असेल तर मी म्हणेन, सरळ हायपर-व्हीच वापरा. होम आवृत्तीत तो पर्याय मिळत नाही.

अ‍ॅपल सिलिकॉनच्या (अ‍ॅपलच्या स्वतःच्या, एआरएम जातीच्या चिपच्या) मॅकवर इंटेलसाठीची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशन डिस्कची प्रत) लावून व्हीएम का उठत नाही, म्हणून डोकं खाऊ नका. तिथं एआरएमसाठीची आयएसओ लागते. मॅकवर व्हीएम चालवणारा यूटीएम प्रोग्रॅम इंटेलची नक्कल करू शकतो, पण त्याचा वेग रोजच्या कामाचा नसतो.

सगळ्यांचा पत्ता १०.०.२.१५ कसा?

व्हर्च्युअलबॉक्समध्ये दोन व्हीएम बनवल्या, दोन्हींत आयपी पाहिला, आणि दोन्हीकडे १०.०.२.१५ निघाला. हा पत्त्यांचा गोंधळ नाही. साध्या नॅट मोडमध्ये प्रत्येक व्हीएमला स्वतःचा वेगळा आभासी राउटर मिळतो. जुळ्या खोल्यांना एकच नंबर दिला आणि मध्ये दार ठेवलंच नाही, असा तो प्रकार आहे. त्या दोघींनी एकमेकींना पिंग करणं शक्यच नाही. त्यांना बोलतं करायचं असेल तर यादीतला नॅट नेटवर्क नावाचा दुसरा पर्याय घ्या. नावं सारखी असल्यानं इथं फार लोक फसतात. नॅट नेटवर्कमध्ये सगळ्या व्हीएम एकाच राउटरमागे येतात, वेगवेगळे पत्ते घेतात आणि इंटरनेटही मिळतं. मात्र ते नेटवर्क आधी व्हर्च्युअलबॉक्सच्या मुख्य नेटवर्क साधनात बनवावं लागतं.

होस्टवरून नॅटमागच्या व्हीएममध्ये शिरायला पोर्ट फॉरवर्डिंग लागतं. होस्टचा २२२२ पोर्ट (प्रत्येक सेवेसाठीचा क्रमांक) गेस्टच्या, म्हणजे व्हीएमच्या, २२ ला जोडायचा आणि एसएसएचनं (दूरच्या मशीनमध्ये लॉगिन करण्याच्या साधनानं) होस्टच्याच १२७.०.०.१ या पत्त्यावर २२२२ पोर्टला जायचं. इथल्या दोन चुका कायमच्या. पहिली, नियम लिहूनही माणूस थेट १०.०.२.१५ वर जायला बघतो. होस्टच्या दृष्टीनं तो पत्ता अस्तित्वातच नाही. दुसरी जास्त छुपी आहे. व्हीएममधला वेब सर्व्हर फक्त स्वतःच्या १२७.०.०.१ वर ऐकत असतो. व्हीएमच्या आतल्या ब्राउझरमध्ये साइट उघडते, होस्टवरून उघडत नाही, आणि दोष पोर्ट फॉरवर्डिंगवर जातो. सर्व्हरला ०.०.०.० वर, म्हणजे मशीनच्या सगळ्या पत्त्यांवर, ऐकायला सांगितलं की काम होतं. डेव्हलपमेंटसाठीचे बरेच सर्व्हर मुळात लोकलहोस्टपुरतेच, म्हणजे त्याच १२७.०.०.१ पुरते, ऐकतात, त्यामुळे आधी हे बघावं. होस्ट लिनक्स असेल तर १०२४ च्या खालचा पोर्ट होस्टच्या बाजूला घेऊ नका. साध्या वापरकर्त्याला तो मिळत नाही. ८० ऐवजी ८०८० घ्या.

उलट दिशेची गल्लतही नेहमीची. होस्टवर डेटाबेस चालू आहे आणि व्हीएममधल्या प्रोग्रॅमला लोकलहोस्टवर तो सापडत नाही. व्हीएममध्ये लोकलहोस्ट म्हणजे ती व्हीएम स्वतः. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये होस्ट १०.०.२.२ या पत्त्यावर भेटतो.

ब्रिज आणि वाय-फाय

ब्रिज मोडमध्ये व्हीएम घरातल्या राउटरकडे स्वतंत्र संगणकासारखी जाते आणि त्याच्याकडून स्वतःचा आयपी घेते. मोबाइलवरून, दुसऱ्या लॅपटॉपवरून ती दिसायला हवी असेल तर हाच मोड. केबलवर तो सहसा विनातक्रार चालतो. वाय-फायवर मात्र कधी चालतो, कधी आयपीच मिळत नाही, आणि याचं कारण वाय-फायच्या रचनेतच आहे.

वाय-फायवर जोडलेलं साधन अ‍ॅक्सेस पॉइंटकडे (वाय-फाय देणाऱ्या राउटरकडे) जे पाठवतं, त्यात पाठवणाऱ्याचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) एकच असतो: ज्यानं स्वतः जोडणी केली त्याचा. त्याच्यामागे दुसरं कोणी उभं आहे, हे सांगायला नेहमीच्या फ्रेममध्ये (डेटाच्या पाकिटात) जागाच नसते. व्हीएमचा मॅक पत्ता वेगळा, त्यानं कधी अ‍ॅक्सेस पॉइंटशी जोडणी केलेली नाही, त्यामुळे त्याच्या नावानं आलेली फ्रेम स्वीकारली जात नाही. व्हर्च्युअलबॉक्स यावर तोडगा म्हणून बाहेर जाताना व्हीएमच्या मॅक पत्त्याजागी होस्टचा पत्ता लावतं आणि येताना आयपी पाहून वाटणी करतं. काही राउटरवर हे निभावतं, काहींवर नाही. लिनक्सवर केव्हीएम या तिथल्या व्हीएम चालवणाऱ्या साधनासाठी स्वतः ब्रिज बनवून त्यात वाय-फायचं कार्ड घालायला जाल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) बहुतेकदा सरळ नकार देतो. यावर रात्र जाळण्यात अर्थ नाही. केबल लावा, नाहीतर नॅट आणि पोर्ट फॉरवर्डिंगवर या.

केबल लावूनही ब्रिज चालत नसेल, तर तो नक्की कुठल्या कार्डाला जोडला आहे ते पाहा. व्हीएमवेअर या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ब्रिजचं कार्ड आपोआप निवडलं जातं, आणि होस्टवर व्हीपीएनचं किंवा दुसऱ्या हायपरवायजरचं (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं) आभासी कार्ड असेल तर नेमकं तेच निवडलं जाऊ शकतं. व्हर्च्युअल नेटवर्क एडिटरमध्ये जाऊन खरं कार्ड स्वतः नेमून द्या.

आणखी एक. ब्रिजवरची व्हीएम घरातल्या प्रत्येक साधनाला दिसते आणि तिलाही सगळे दिसतात. हॅकिंगच्या सरावासाठी मुद्दाम भोकं ठेवलेली व्हीएम, जुनी विंडोज एक्सपी, संशयास्पद फाइल उघडून पाहायची मशीन, यांना ब्रिजवर ठेवणं हा मला शुद्ध निष्काळजीपणा वाटतो. त्यांची जागा इंटर्नल नेटवर्कमध्ये, म्हणजे फक्त व्हीएम एकमेकींशी बोलतात त्या मोडमध्ये. तिथं होस्टसुद्धा नसतो. आणि आपोआप आयपी वाटणारं डीएचसीपीही नसतं, त्यामुळे पत्ते हातानं द्यावे लागतात. ‘आयपीच येत नाही’ म्हणून ते सोडून देऊ नका.

दोन अडॅप्टर

घरी सराव करणाऱ्याला मी सहसा हीच जोडी सुचवतो: व्हीएमचा पहिला अडॅप्टर (आभासी नेटवर्क कार्ड) नॅट, दुसरा होस्ट-ओन्ली. इंटरनेट पहिल्यातून, होस्टशी आणि इतर व्हीएमशी बोलणं दुसऱ्यातून. लॅपटॉप कुठल्याही वाय-फायवर नेला तरी होस्ट-ओन्लीचे पत्ते तेच राहतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये होस्ट साधारणपणे १९२.१६८.५६.१ वर असतो.

दुसरा अडॅप्टर लावला तरी उबंटू सर्व्हरमध्ये त्याला आयपी मिळालेला नसतो, ही इथली ठरलेली तक्रार. इन्स्टॉल करताना एकच कार्ड होतं, त्यामुळे नेटप्लॅनच्या (उबंटूच्या नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये फक्त ईएनपी०एस३ ची नोंद आहे. नवं कार्ड ईएनपी०एस८ या नावानं येतं. त्याची नोंद आपण करायची. ती करताना होस्ट-ओन्ली कार्डाला गेटवे (बाहेर जाण्याच्या दाराचा पत्ता) देऊ नका. एका मशीनला दोन डीफॉल्ट गेटवे झाले की पॅकेट कधी इंटरनेटकडे जातात, तर कधी अशा रस्त्यानं की जिथून पुढे वाटच नाही. ‘मध्येच चालतं, मध्येच बंद पडतं’ असं वर्णन ऐकलं की आधी रूटिंग टेबल (कुठलं पॅकेट कुठल्या रस्त्यानं जाईल याची यादी) बघावं.

लिनक्स किंवा मॅक होस्टवर होस्ट-ओन्लीसाठी स्वतःच्या आवडीची रेंज टाकली आणि व्हर्च्युअलबॉक्सनं ती नाकारली, तर आवृत्ती ६.१.२८ पासूनचा नियम आठवा. तेव्हापासून १९२.१६८.५६ ते १९२.१६८.६३ एवढ्याच रेंजला मुळात परवानगी आहे. बाकीच्या रेंज व्हीबॉक्स फोल्डरमधल्या नेटवर्क्स नावाच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहून मोकळ्या कराव्या लागतात.

क्लोन केलेल्या मशीन

एक व्हीएम नीट तयार केली, तिचे तीन क्लोन (हुबेहूब प्रती) काढले, आणि नेटवर्क वेडंवाकडं वागायला लागलं. एक चालू केली की दुसरीची जोडणी तुटते. क्लोन करताना सगळ्या अडॅप्टरना नवे मॅक पत्ते देण्याचा पर्याय निवडला नसेल तर कारण उघड आहे. पण तो निवडूनही दोघींना राउटरकडून एकच आयपी मिळतो, तेव्हा भले भले चक्रावतात.

उबंटू सर्व्हर डीएचसीपीकडे पत्ता मागताना आपली ओळख मॅक पत्त्यानं देत नाही, मशीन-आयडीवरून (प्रत्येक इन्स्टॉलेशनच्या ओळख क्रमांकावरून) बनवलेल्या खुणेनं देतो. क्लोनमध्ये मशीन-आयडीची फाइल जशीच्या तशी आलेली असते. डीएचसीपी सर्व्हरला वाटतं, जुनंच गिऱ्हाईक परत आलं. क्लोनमध्ये ईटीसी फोल्डरमधली मशीन-आयडीची फाइल रिकामी करा (पुसून टाकू नका, रिकामी करा) आणि मशीन पुन्हा सुरू करा. नवी ओळख तयार होते. किंवा नेटप्लॅनमध्ये डीएचसीपीची ओळख मॅकवरून द्यायला सांगा. एसएसएचच्या होस्ट की (मशीनची ओळख पटवणाऱ्या किल्ल्या) सुद्धा क्लोनमध्ये त्याच असतात, त्याही नव्यानं तयार करा.

केव्हीएम आणि हायपर-व्ही

केव्हीएमवर डीफॉल्ट नेटवर्क चालू नाही अशी चूक आली तर ते व्हर्श (कमांडचं साधन) किंवा व्हर्ट-मॅनेजरमधून (खिडकीवालं साधन) सुरू करा आणि ऑटोस्टार्टही लावा, नाहीतर होस्ट रीबूट झाल्यावर तीच चूक पुन्हा दिसेल. या नेटवर्कची रेंज १९२.१६८.१२२ ही असते. व्हीएमच्या आत पुन्हा केव्हीएम बसवलं तर आत-बाहेर एकच रेंज होते आणि आतल्या मशीनचं इंटरनेट जातं. आतली रेंज बदला.

लिनक्स होस्टवर कालपर्यंत चालणारा ब्रिज डॉकर (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) बसवल्यावर बंद पडला, तर योगायोग समजू नका. डॉकर होस्टच्या फायरवॉलमध्ये फॉरवर्ड होणारी पॅकेट मुळातच अडवण्याचं धोरण लावतं, आणि त्यात तुमच्या ब्रिजवरची पॅकेटही सापडतात. फायरवॉलमधल्या डॉकर-यूझर नावाच्या साखळीत (नियमांच्या यादीत) ब्रिजला परवानगी देणारा नियम घाला.

हायपर-व्हीच्या डीफॉल्ट स्विचवर (आयत्या मिळणाऱ्या आभासी नेटवर्कवर) स्थिर आयपी देणं ही वाया जाणारी मेहनत आहे, कारण होस्ट रीबूट झाल्यावर त्या स्विचची रेंजच बदलू शकते. स्थिर पत्ते हवे असतील तर वेगळा इंटर्नल स्विच बनवा.

तरीही लागत नसेल तर

सेटिंग्जमध्ये ‘केबल कनेक्टेड’ची खूण आहे ना, ते पाहा. मग व्हीएमचा स्वतःचा आयपी. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून उत्तरच आलेलं नाही. पुढच्या कुठल्याही चाचणीला अर्थ नाही. आयपी ठीक असेल तर गेटवेला पिंग, मग ८.८.८.८ ला (इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता), मग एखाद्या साइटच्या नावाला. आकड्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर नेटवर्क ठीक आहे, नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस गेलं आहे. होस्टवर व्हीपीएन चालू असताना हे हमखास होतं. नॅटमधून ट्रेसराउटवर (पॅकेटचा रस्ता दाखवणाऱ्या साधनावर) भरवसा ठेवू नका.

गेस्ट विंडोज असेल तर बाहेरून पिंगला उत्तर न येणं ही बहुधा तिच्या फायरवॉलची मूळ सवय असते. अख्खी फायरवॉल बंद करू नका; आत येणाऱ्या इको रिक्वेस्टचा, म्हणजे पिंगचा, नियम तेवढा चालू करा.

एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि त्याआधी स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) घ्या. व्हर्च्युअलबॉक्सच्या स्नॅपशॉटमध्ये डिस्कबरोबर त्या व्हीएमची सेटिंग्जही जपली जातात, म्हणजे अडॅप्टरचा मोड आणि पोर्ट फॉरवर्डिंगचे नियमही परत येतात. पण नॅट नेटवर्क आणि होस्ट-ओन्ली नेटवर्क ही होस्टच्या पातळीवरची सेटिंग्ज आहेत. त्यांची रेंज बदलली असेल तर स्नॅपशॉटवर मागं जाऊनही ती बदललेलीच राहते, त्यामुळे जुनी रेंज कुठेतरी टिपून ठेवा.