संस्थेतला हॅम (हौशी रेडिओ) क्लब चालवताय? मग या चुका टाळा

"सर, एसडब्ल्यूआर १.२ आहे, अँटेना एकदम ओके." दर वर्षी गणपती उतरले की क्लबात कोणीतरी हे वाक्य टाकतंच, आणि माझं डोकं फिरतं. एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत फिरते याचा आकडा; १ म्हणजे काहीच नाही. पण तो दाखवणारा मीटर गच्चीवर नसतो, खाली शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) रिगच्या, म्हणजे रेडिओ संचाच्या, शेजारी असतो. मधल्या तीस मीटर केबलमध्ये काय चाललंय हे त्याला कसं कळणार?

एका वर्षी तर कमालच झाली. दोन मीटर बँडच्या उभ्या अँटेनावरून पन्नास वॉट सोडत होतो, मीटरवर १.२, आणि रिपीटर (आपला सिग्नल पकडून पुढे पाठवणारं केंद्र) काही उघडेना. गेटबाहेर चहाच्या टपरीवर उभा असलेला आमचाच एक मुलगा हातातल्या छोट्या संचावरून, हँडीवरून, तोच रिपीटर आरामात उघडत होता. यावर क्लबातल्या उत्साही मंडळींनी काय करावं? नव्या रिगसाठी खरेदीचा अर्ज भरून सहीला पाठवला. मी एकाला गच्चीवर पिटाळलं आणि सांगितलं, अँटेना सोडवून बाजूला ठेव. खाली पॉवर कमी करून पीटीटी (बोलायचं बटण) दाबला. मीटर १.२ वरच! केबलच्या टोकाला काहीही जोडलेलं नाही, आणि मीटर म्हणतोय सगळं छान. केबल कापली तर आतली तांब्याची जाळी हिरवी-काळी पडलेली, आणि टोकातून पाणी ठिबकायला लागलं.

गणित सोपं आहे. पाणी शिरलेली केबल १० डेसिबल खात असेल तर ५० वॉटमधले ५ वॉट वर पोचतात. तिथे अँटेनाच नसेल तर ते सगळे परत फिरतात, आणि परतीच्या वाटेवर केबल पुन्हा तेवढाच वाटा खाते. मीटरपाशी येतो अर्धा वॉट. म्हणजे परावर्तन एक टक्का आणि एसडब्ल्यूआर १.२. केबल जितकी सडकी, तितका मीटर खूश.

आरजी-५८ ही बारीक केबल कोरडी, नवी असली तरी तीस मीटरला १४५ मेगाहर्ट्झवर साधारण ६ डेसिबल खाते, म्हणजे पाऊण पॉवर वाटेतच संपते. स्वस्त पडते म्हणून ती लावू नका. जाड आरजी-२१३ घ्या, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घेताना टोक सोलून जाळी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. त्या नावाखाली विरळ जाळीचा मालही मिळतो.

माझी पद्धत अशी. मे महिन्याच्या शेवटी गच्चीवरचा प्रत्येक कनेक्टर उघडायचा. आत हिरवट दिसलं की तो कापून नवा लावायचा, पुसून परत बसवायचा नाही. वर सेल्फ-अमाल्गमेटिंग (आपोआप एकजीव होणारी) टेप, त्यावर पीव्हीसी टेप, आणि शेवटचा थर खालून वर गुंडाळायचा, म्हणजे कौलांसारखं पाणी बाहेरून निघून जातं. कनेक्टरच्या खाली केबलला एक झोळ ठेवायचा, थेंब तिथेच गळून पडतो. सीलंटचा गोळा थापून मोकळे होणारे बरेच पाहिलेत. पाणी तरीही शिरतं, आणि मग निघायचा रस्ताच उरत नाही.

दुसरं माझं दुखणं म्हणजे लॉगबुकातली वेळ. निम्म्या नोंदी भारतीय वेळेत, निम्म्या यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), आणि कोणती कुठली हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. एकदा खालच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेची तक्रार आली: दुपारी तीन चाळीसला थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या तारेचं) रीडिंग उड्या मारत होतं, तुम्ही ट्रान्समिट करत होता का? आमचे सेक्रेटरी मोठ्या रुबाबात लॉगबुक घेऊन गेले. "बघा, दुपारी एकही नोंद नाही. सकाळी दहा-दहाला ४० मीटर बँडवर होतो." समोरच्या बाईंनी पान शांतपणे पाहिलं, दहा-दहामध्ये साडेपाच तास मिळवले आणि वही परत दिली. संशोधन संस्थेत यूटीसी समजणारी माणसं फक्त हॅम क्लबात असतात, असं समजू नये.

शॅकमध्ये दोन घड्याळं लावा, एकावर ठळक 'यूटीसी' लिहा आणि लॉग फक्त त्याच घड्याळावरून भरा. आणि तक्रारीची वाट कशाला बघता? नवी अँटेना लागली की आधी आसपासच्या प्रयोगशाळांत जाऊन सांगा. त्यांचा माणूस उपकरणापाशी बसलेला असताना ५ वॉट, २० वॉट, ५० वॉट असं चढत जा. थर्मोकपलची लांब, शील्ड नसलेली वायर ही आयती अँटेना असते. ४० मीटरवर नुसता फेराइट (तारेवरचा रेडिओ सिग्नल अडवणारं कडं) चिकटवून भागत नाही, वायरचे चार-पाच वेढे त्यातून घ्यावे लागतात. तो फेराइट क्लबच्या पैशाने घ्या, संबंध टिकतात.

परवाना. क्लबचा परवाना जबाबदार ऑपरेटरच्या भरवशावर असतो. ते निवृत्त होतात, शाल-श्रीफळ होतं, फोटो होतात, आणि कागदावरचं नाव बदलायचं कोणाच्या ध्यानात येत नाही. परवाने देणाऱ्या दिल्लीच्या डब्ल्यूपीसीकडचं काम आता 'सरल संचार' पोर्टलवर होतं, तरी ते निरोप समारंभाच्या कितीतरी आधी सुरू करा.

ऑनलाइन मागवलेली चिनी हँडी परवान्याशिवाय वाजवू नका, हे इंटर्न मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. आपल्याला दोन मीटरवर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच मोकळं आहे. त्या हँडीवर १५६.८ सुद्धा लागतं, तो जहाजांचा संकटकाळचा चॅनेल आहे, आणि आपण बंदराच्या काठावर राहतो.

अवकाश स्थानकाच्या मागे लागणाऱ्यांबद्दल काय बोलावं! परवान्याच्या परीक्षेचा निकाल यायच्या आत यांना स्थानकावरच्या रिपीटरवर बोलायचं असतं. एक पास, म्हणजे स्थानक डोक्यावरून जाण्याचा वेळ, फार तर दहा मिनिटांचा. खाली येणारा सिग्नल ४३७.८ मेगाहर्ट्झवर, तोही स्थानकाच्या वेगामुळे (डॉपलर) दहा किलोहर्ट्झ इकडेतिकडे सरकतो. काही ऐकू येत नसताना पीटीटी दाबून ओरडत राहणारे दुसऱ्यांचाही पास वाया घालवतात. २००५ ते २०१४ आपला हॅमसॅट हा हौशी रेडिओचा उपग्रह वर होता, तेव्हा खाली येणारा स्वतःचा आवाज कानात पडला की मगच पुढे बोलायचं, हे आपोआप अंगवळणी पडायचं. आता मी नव्या माणसाला महिनाभर नुसतं ऐकायला बसवतो. निम्मे पळून जातात. जाऊ देत.

वळीव सुरू झाला की विजांचा धोका असतो, शॅक सोडताना कोॲक्स (अँटेनाची केबल) रिगमधून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही.

आणि गच्चीची किल्ली शनिवारी सकाळी मागायला जाऊ नका, सही करणारे साहेब त्या दिवशी नसतात. शुक्रवारी चारच्या आत कागद फिरवा, आणि अर्जात 'वॉकीटॉकी' न लिहिता परवाना क्रमांकासकट 'हौशी रेडिओ संच' असं लिहा, म्हणजे सुरक्षावाले गेटवर अडवत नाहीत.